दारू उतरते, केस उतरत नाही

ड्रिंक अँड ड्राइव्हच्या केसमध्ये नाव लागलंय, पुढच्या आठवड्यात वसई कोर्टात तारीख आहे आणि साहेब निघाले दमणला. घरच्यांनी टोकलं तर उत्तर तयार असतं: "त्यात काय एवढं? दंड भरून टाकू." वसई-विरारमध्ये हे वाक्य कानावर न पडलेला माणूस सापडणं कठीण. मला या वाक्याचा राग येतो. आजचं सदर त्याच्यासाठीच.

पहिली गोष्ट. हे ई-चलान नव्हे. सिग्नल तोडला, हेल्मेट घातलं नाही, तर मोबाइलवर मेसेज येतो, पैसे भरले की विषय संपतो. असे पैसे भरून मिटणारे गुन्हे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये मोजून दिलेले आहेत. दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम १८५ त्यांत नाही. रस्त्यावरचा हवालदार, त्याचा साहेब, आरटीओ, कुणालाही हे प्रकरण पैसे घेऊन मिटवता येत नाही. कुणी मिटवून देत असेल तर ती लाच आहे, आणि देणाराही त्यात अडकतो. हे प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरच जातं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. नंतरच्या खेपेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये किंवा दोन्ही. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीतले. त्याआधी पहिल्या खेपेचा दंड २,००० पर्यंत होता, आणि आमच्याकडच्या पुष्कळ लोकांच्या डोक्यात अजून तोच आकडा आहे.

रात्रीची नाकाबंदी आठवून बघा. पोलीस काच खाली करायला लावतो, आत वाकतो. पाकीट फोडून नवी पांढरी नळी मशीनला लावतो. "फुंका. जोरात. थांबू नका." माणूस अर्धवट फुंकतो, खोकल्याचं नाटक करतो, पुन्हा फुंकायला लावतात. पडद्यावर आकडा येतो, छोट्या प्रिंटरमधून चिठ्ठी सरकते. तिच्यावर तारीख, वेळ, आकडा. खाली सही. तेवढ्यात गाडीतल्यांपैकी कुणी न प्यायलेला असेल तर स्टिअरिंग त्याच्याकडे जातं. लायसन्स पोलीस ठेवून घेतात, कारण २०१९ पासून कायद्यानंच ते जप्त करून निलंबनासाठी परिवहन खात्याकडे पाठवायचं आहे. या सगळ्यानंतर घरी पोचलेला माणूस म्हणतो, सुटलो. तो सुटलेला असतो हजर राहण्याचं वचन देऊन. त्या वचनाखाली त्याचीच सही असते, आणि ती सही करताना त्यानं वाचलेलं काहीच नसतं.

आता राज्याबाहेर जाता येतं का? येतं. नुसतं कलम १८५ असेल, कुणाला इजा झालेली नसेल, तर गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन हा तुमचा हक्क आहे, आणि अमुक जिल्हा ओलांडू नका, तमुक राज्यात जाऊ नका अशी सरसकट बंदी या कलमात नाही. सुरतेला बहिणीकडे जा, गोव्याला जा, गावी जा. बंधन एकच: पुकारा होईल त्या दिवशी त्या कोर्टात हजर राहायचं. खरंच जमणार नसेल तर आधी वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज द्यायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२८ आणि ३५५ नुसार न्यायाधीशांना ती सूट देता येते. कारण खरं असेल आणि अर्ज वेळेत असेल तर ती बहुधा मिळतेही.

मागितली की मिळते याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण सलमान खानचं. २८ सप्टेंबर २००२ चा वांद्र्याचा अपघात. ६ मे २०१५ ला सत्र न्यायालयानं पाच वर्षांची शिक्षा सुनावली, दोन दिवसांत उच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली, आणि त्याच महिन्यात दुबईच्या कार्यक्रमाला जायची परवानगीही दिली. त्याच वर्षी १० डिसेंबरला उच्च न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं. त्या निकालाबद्दल कुणाचं काय मत असेल ते असो. मला त्यातलं मे महिन्याचं पान महत्त्वाचं वाटतं. ज्याच्या पाठीशी वकील आहे तो अर्ज करतो आणि उजळ माथ्यानं विमानात बसतो. ज्याला कुणी सांगितलेलं नाही तो न सांगता एसटी पकडतो आणि फरार ठरतो.

नालासोपाऱ्यात टेम्पो चालवणारा जौनपूरकडचा माणूस घ्या. रात्री सापडला, आकडा आला, कागद हातात पडला. कागद मराठीत, याला हिंदी वाचता येतं तेही अडखळत. लग्नसराईत गावी गेला. इकडे तारीख आली. शिपायानं दारात येऊन नाव पुकारलं, व्हरांड्यात कुणी हललं नाही, रोजनाम्यात "आरोपी गैरहजर" अशी नोंद झाली. समन्स खोलीवर गेलं, तर भाडेकरार संपून खोली बदललेली. मग जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. दोन महिन्यांनी हा परत येऊन निवांत टेम्पो चालवतोय, आणि एक दिवस दुसऱ्याच कुठल्यातरी तपासणीत त्याला कळतं की पोलीस त्याला शोधतायत. आणखी एक हिशेब बघा. पहिल्या खेपेच्या मूळ गुन्ह्याला जास्तीत जास्त सहा महिने. जामिनावर सुटून सबळ कारणाशिवाय कोर्टात न येण्याला, भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली, एक वर्षापर्यंत. पिऊन गाडी चालवली त्याच्या दुप्पट शिक्षा तारीख बुडवल्याची होऊ शकते, हे त्या टेम्पोवाल्याला कुणी सांगितलं होतं?

सांगायला हवं होतं. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय ऑक्टोबर २०२० पासून आपल्याकडे आहे. इथं उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, गुजरातहून आलेली माणसं लाखांनी राहतात, हे त्या आयुक्तालयाला माझ्याकडून कळायला नको. कारवाईच्या वेळी हातात द्यायचा कागद दोन-तीन भाषांत छापायला किती खर्च येतो? त्यावर ठळक अक्षरात कोर्टाचं नाव, हजर राहायचा दिवस आणि "न आल्यास वॉरंट निघेल" एवढं लिहा. प्रकरण दाखल झालं की त्याला सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मिळतो आणि ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख फुकट दिसते, हेही सांगा. माणूस गावी बसून मोबाइलवर सिनेमे बघतो, त्याला तारीख बघता येणार नाही?

दमणच्या रस्त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आमच्या भागातली सगळ्यांत मोठी गैरसमजूत त्याच रस्त्यावर आहे.

शुक्रवारी संध्याकाळी विरार फाट्यावरून गाड्या उत्तरेकडे सुटतात. मनोर, चारोटी, तलासरी, अच्छाड, मग गुजरातचं भिलाड, वापी, आणि तिथून डावीकडे दमण. दमण केंद्रशासित, दारू स्वस्त आणि उघड. पण दमण जमिनीच्या बाजूनं सगळीकडून गुजरातच्या वलसाड जिल्ह्यानं वेढलेलं आहे. जाताना गुजरात, येताना गुजरात. आणि गुजरातमध्ये दारूबंदी आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९६० साली दोन्ही राज्यांच्या वाट्याला आला. महाराष्ट्रानं त्यातून परवान्याची वाट काढली, गुजरातनं बंदी ठेवली. म्हणून दमणमध्ये रीतसर प्यायलेला माणूस नाका ओलांडून वापीच्या दिशेनं आला की पोटातली दारूसुद्धा त्याला महागात पडते. तिथं ३० मिलिग्रॅमचा हिशेब फक्त गाडी चालवणाऱ्यापुरता. मागच्या सीटवर झोपलेल्यावरही परवान्याविना प्यायल्याची केस होऊ शकते. वर्षअखेरीला वलसाडचे पोलीस दमणहून परतणाऱ्यांना मोठ्या संख्येनं पकडतात, एकेका रात्रीत मंगल कार्यालयं भरतील इतके. डिकीत बाटल्या सापडल्या तर गुजरातमध्ये एक गुन्हा, आणि त्या तशाच तलासरीपर्यंत आणल्या तर आपल्या राज्य उत्पादन शुल्क खात्याचा दुसरा.

म्हणजे वसईत एक तारीख डोक्यावर असताना दमणला गेलेला गडी परत येतो तेव्हा वलसाड जिल्ह्यातल्या कोर्टाची दुसरी तारीख घेऊन येतो. त्यानंतर दर तारखेला पहाटे विरारहून वापीची गाडी, तिथला वकील, तिथला जामीनदार. गुजरातमधल्या केससाठी नालासोपाऱ्याचा जामीनदार चालेलच असं नाही. स्थानिक माणूस शोधायला लागतो, आणि तो फुकट उभा राहत नाही. नोकरीच्या ठिकाणी काय कारण सांगायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

गाडी कोण चालवत होतं हाही प्रश्न आहेच. लायसन्स जप्त झालेलं, निलंबनाची कारवाई चालू. "एमएच ४८ चं निलंबन, गोव्यात कोण बघतंय?" असं म्हणणाऱ्यानं समजून घ्यावं की लायसन्सची नोंद देशभराच्या सारथी प्रणालीत आहे. पणजीचा हवालदार क्रमांक टाकतो आणि त्याला वसईची कारवाई दिसते. निलंबित लायसन्सवर गाडी चालवली तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. वर अपघात झालाच तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला मोकळी. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या प्रकरणात तर ब्रेथ टेस्ट झालेली नसतानाही, तोंडाचा वास आणि आजूबाजूची परिस्थिती पाहून, विमा कंपनीच्या बाजूनं निकाल दिला.

वसईतल्या घरांना याहून जवळचा विषय म्हणजे पासपोर्ट. आमच्याकडे गावोगावी एक मुलगा जहाजावर असतो, एक आखाती देशात. पासपोर्ट कायदा १९६७, कलम ६: फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. त्यावर उपाय २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनं दिलेला आहे. ज्या कोर्टात केस आहे त्याच कोर्टाकडून परदेशी जायची परवानगी आणायची, ती जोडायची, मग मर्यादित मुदतीचा पासपोर्ट मिळतो. अर्जातल्या "खटला प्रलंबित आहे का" या रकान्यात "नाही" लिहिलं आणि पोलीस पडताळणीत १८५ निघालं, तर माहिती लपवण्याचा नवा गुन्हा. जहाज बंदरात थांबत नाही, एजंट दुसरा मुलगा घेतो, आणि एका रात्रीच्या दोन पेगपायी वर्षाचं कंत्राट जातं. अमेरिकेत शिकणाऱ्यांच्या आईबापांनीही हे वाचावं. तिथं पिऊन गाडी चालवताना नुसती अटक झाली, दोषी ठरायच्याही आधी, तरी तिथलं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं आणि करतं. कॅनडानं डिसेंबर २०१८ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षांवर नेली. त्यामुळे असा दोषी ठरलेला परदेशी माणूस तिथं गंभीर गुन्हेगारांच्या रांगेत जाऊन बसतो.

हे सगळं अजून कुणी मेलेलं नसताना. माणूस मेला की गोष्ट बदलते, आणि तिथं विरारचं नाव येतं.

७ जुलै २०२४, रविवारची पहाट. वरळी कोळीवाड्यातलं जोडपं ससून डॉकवरून मासळी घेऊन स्कूटरवरून घरी येत होतं. डॉ. ॲनी बेझंट रोडवर मागून बीएमडब्ल्यू आली. नवरा बाजूला फेकला गेला, ४५ वर्षांची बायको गाडीखाली अडकली आणि सुमारे दीड किलोमीटर फरफटत गेली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार चालवणारा पालघरमधल्या एका राजकीय नेत्याचा मुलगा, आदल्या रात्री जुहूच्या बारमध्ये होता. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५, हा त्याच्या आतला. वाटेत त्यानं ड्रायव्हरबरोबर जागा बदलली, गाडी वांद्र्याला सोडली आणि तो नाहीसा झाला. लुकआउट नोटीस निघाली. आई आणि बहिणी शहापूरकडे सापडल्या. तो ९ जुलैला सापडला, कुठं, तर विरारमध्ये. बरोबरच्या मित्राचा बंद फोन थोडा वेळ चालू झाला आणि ठिकाण कळलं.

पुढं त्याच्या रक्ताचा नमुना तपासला गेला. त्यात अल्कोहोल सापडलं नाही.

कसं सापडणार? माणसाचं शरीर दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ ते २० मिलिग्रॅम अल्कोहोल संपवतं. कितीही ढोसली तरी एका दिवसात रक्त बहुधा स्वच्छ. इथं दोन दिवसांहून जास्त वेळ गेला होता. कायद्यालाही ही घाई ठाऊक आहे. कलम २०२ म्हणतं, १८५ खाली अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी दोन तासांच्या आत झाली पाहिजे, नाहीतर त्याला कोठडीतून सोडा. दोन तास! आणि इथं पळालेल्याच्या पदरात अख्खे दिवस. त्यानं प्यायली होती की नाही, तो दोषी की निर्दोष, ते खटल्यात ठरेल, आणि ते न्यायालयानंच ठरवावं. पण पळाल्यामुळे सगळ्यांत मोठा पुरावा मिळायचाच राहिला, एवढं कुठल्याही निकालाविना दिसतं.

याच्याशेजारी वांद्र्याचं कार्टर रोडचं प्रकरण ठेवून बघा. १२ नोव्हेंबर २००६, पहाट. फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढली, सात जण मेले. चालवणारा ॲलिस्टर परेरा जागेवरच सापडला. रक्ताच्या नमुन्यात ०.११२ टक्के अल्कोहोल निघालं, मर्यादेच्या जवळजवळ चौपट. तोच आकडा १२ जानेवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि तीन वर्षांची शिक्षा कायम झाली. सात जीवांना तीन वर्षं. मला ती तेव्हाही फार कमी वाटली, आजही वाटते. तरी आकडा हाती होता म्हणून तेवढी तरी झाली.

पळणारा फायद्यात राहतो हा आजच्या कायद्याचा दोष आहे, आणि तो दुरुस्त करता येण्याजोगा आहे. कलम २०५ उघडून बघा. पोलिसांनी सांगूनही ज्यानं श्वासाचा किंवा रक्ताचा नमुना दिला नाही, त्याचा नकार त्याच्याविरुद्धच्या पुराव्याला बळकटी देणारा धरता येतो. नळीत फुंकायला नकार देणारा आणि नळी समोर यायच्या आतच विरारला जाऊन बसणारा, यांत फरक काय? दुसरा जास्त हुशार, एवढाच. अपघातानंतर पळून गेलेला आरोपी नमुना द्यायला नकार दिलेला समजावा, अशी एक ओळ कलम २०५ मध्ये घाला. भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(२) अपघात न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं, पण जानेवारी २०२४ मधल्या ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर ते बाजूला ठेवलं गेलं, आणि १ जुलै २०२४ ला बाकीची संहिता लागू झाली तेव्हाही ते लागू झालं नाही. ट्रकचालकांची भीती मला खोटी वाटत नाही. जमाव काय करतो ते या हायवेवर सगळ्यांनी पाहिलंय. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्ये जमावाच्या रोषाची दखल आधीच घेतलेली आहे. जमाव असेल तर थांबू नका, सरळ पोलीस ठाण्यात गाडी घाला. पोलीस ठाण्याकडे धावणारा वेगळा, रिसॉर्टकडे धावणारा वेगळा. कायद्यानं पहिल्याला जपावं आणि दुसऱ्याला पकडावं.

वरळीच्या प्रकरणातून एक चांगली गोष्टही निघाली, आणि ती नोंदवायलाच हवी. आरोपीनं आपल्या अटकेला आव्हान दिलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि ६ नोव्हेंबर २०२५ ला "मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य" या निकालात न्यायालयानं ठरवून दिलं: कुठल्याही गुन्ह्यात अटक करा, अटकेची कारणं लेखी द्या, आणि त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्या. लगेच शक्य नसेल तर दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी तरी द्या. आरोपीला मात्र जामीन मिळाला नाही. त्याच महिन्यात उच्च न्यायालयानं तो नाकारला आणि डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही दिला नाही. पण त्या निकालाचा हक्क आता नालासोपाऱ्याच्या टेम्पोवाल्यालाही लागू आहे. हिंदीत कागद मागायला त्याला आता सर्वोच्च न्यायालयाचा आधार आहे. त्याला हे सांगायचं काम वकिलांचं, पोलिसांचं, आणि माझ्यासारख्या लिहिणाऱ्यांचं.

राज्याबाहेरचा प्रवास दुसऱ्याही बाजूला असतो, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर मेले. दोघंही मध्य प्रदेशातले. आरोपी अल्पवयीन. त्याच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली. म्हणजे पळूनही जायला नको, रक्तच बदला! आणि त्या दोघांच्या आईबापांना न्यायासाठी राज्य ओलांडून परक्या शहरात यावं लागतं. त्यांनी ना कुठली मर्यादा ओलांडली, ना कुठल्या कागदावर सही केली. आरोपीच्या परवानगीच्या अर्जावर सुनावणी होते तेव्हा या आईबापांच्या तिकिटाचे पैसे कुणी द्यायचे, हा प्रश्न कुठल्याच कोर्टात सुनावणीला येत नाही. यायला हवा.

तेव्हा ज्याच्या डोक्यावर १८५ ची तारीख आहे त्यानं हे करावं. आज ई-कोर्ट्सवर आपला क्रमांक टाकून पुढची तारीख बघावी. त्या दिवशी बाहेरगावी असणार असेल तर आजच वकील गाठावा. वकिलाची फी झेपत नसेल तर वसई न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जावं किंवा १५१०० ला फोन करावा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाची माणसं यांना तिथं वकील फुकट मिळतो. वॉरंट निघालेलं असेल तर पोलीस घरी यायची वाट न बघता स्वतः कोर्टात हजर व्हावं आणि ते रद्द करण्याचा अर्ज द्यावा. स्वतःहून आलेल्याकडे आणि धरून आणलेल्याकडे न्यायाधीश वेगळ्या नजरेनं बघतात. आणि हे मिटेपर्यंत दमण नको.

अर्नाळा, राजोडी, कळंबचे रिसॉर्टवाले, फार्महाऊसवाले आणि विरारमधली मित्रमंडळी, तुम्हालाही सांगतो. गुन्हा करून पळालेल्याला जाणूनबुजून आसरा देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. सदोष मनुष्यवधासारख्या प्रकरणात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्यातून सूट फक्त नवऱ्याला किंवा बायकोला. मित्राला नाही, मामाला नाही, आईबापालाही नाही. अपघात करून आलेला कुणी रात्री दार वाजवील तेव्हा त्याला खोली देऊ नका. ११२ लावा, आणि त्याचं रक्त स्वच्छ व्हायच्या आत लावा.